चुलत की मावस: 'डिटेक्टिव्ह कॉनन'मधली लपवलेली नाती

(लेखात रहस्यं फोडलेली आहेत. ज्यांना मालिका कोरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं.)

१२ एप्रिल २०२४ रोजी जपानमध्ये 'डिटेक्टिव्ह कॉनन'चा सत्ताविसावा चित्रपट प्रदर्शित झाला. कथा हाकोदाते शहरात घडते. श्रेयनामावली संपल्यावर शेवटी एक छोटा प्रसंग येतो आणि त्यात दोन गोष्टी कळतात. कैतो किड या चोराचा मेलेला समजला जाणारा बाप तोइची कुरोबा जिवंत आहे. आणि तो शिनिची कुदोच्या बापाचा, म्हणजे युसाकूचा, जुळा भाऊ आहे. आईवडिलांच्या घटस्फोटामुळे दोघं वेगळे झाले, आडनावंही वेगळी झाली. थोडक्यात, तीस वर्षं एकमेकांच्या मागे धावणारे गुप्तहेर आणि चोर हे चुलतभाऊ निघाले.

इंग्रजीत याला 'कझिन्स' म्हणून मोकळं होता येतं. जपानी 'इतोको'सुद्धा उच्चारात तेवढाच मोघम आहे. मराठीत मात्र सांगायला तोंड उघडलं की ठरवावंच लागतं: चुलत, आते, मामे की मावस? या मालिकेतली नाती मराठीत मांडायला घेतली की ती कुठे घट्ट विणली आहेत आणि कुठे नुसती डकवली आहेत, ते जरा जास्तच स्पष्ट दिसतं.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. गोशो आओयामा यांनी ही मांगा जानेवारी १९९४मध्ये 'शोनेन संडे' या साप्ताहिकात सुरू केली. तिचे शंभराहून जास्त खंड झाले आहेत. शिनिची हा सतरा वर्षांचा शाळकरी गुप्तहेर. काळ्या कपड्यांतली एक टोळी त्याला विष पाजते, पण तो मरत नाही, सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा लहान होतो. मग कॉनन एदोगावा असं नाव घेऊन तो मैत्रीण रानच्या घरी राहतो आणि तिच्या बापाच्या आडून खून उलगडतो. कैतो किड या मालिकेच्याही आधीचा. १९८७मध्ये सुरू झालेल्या 'मॅजिक कैतो'चा तो नायक. पुढे सोळाव्या खंडात लेखकाने त्याला इकडे आणला.

एक गोष्ट सहज विसरली जाते. या मालिकेची सुरुवातच एका खोट्या नात्याने होते. हा पोरगा कोणाचा, असं रान विचारते तेव्हा शेजारचे प्रोफेसर आगासा त्याला आपल्या लांबच्या नातेवाइकाचा मुलगा म्हणून टाकतात. आमच्या आरोंद्याला अनोळखी पोर दिसलं की पहिला प्रश्न 'तू कोणाचो झील?' हाच असतो. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात गेलात तरी तोच. उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. रानचा प्रश्नही तसाच आहे, आणि आगासाने ठोकलेल्या थापेवर मालिकेचा सगळा डोलारा तीस वर्षं उभा आहे. पुढे शिनिचीची खरी आई युकिको वेश बदलून येते आणि 'मी कॉननची आई' असं सांगते. म्हणजे खरी आई खोट्या आईचं सोंग करते, आणि सांगते ते एका परीने खरंही असतं. आओयामांना नात्यांशी खेळता येतं हे तिथेच दिसतं.

त्यांचा सर्वांत चांगला खेळ मात्र दुसऱ्या खंडातला आहे. मासामी हिरोता नावाची एक मुलगी हरवलेल्या वडिलांना शोधायला येते. रडवेली, साधी. वडील सापडतात आणि लगेच त्यांचा खून होतो. मग कळतं की ते तिचे वडील नव्हतेच. दोघं बँक लुटणाऱ्या टोळीतले होते आणि ती त्याच्या मागावर होती. तिचं खरं नाव अकेमी मियानो. काळ्या कपड्यातला जिन तिला गोळी घालतो. मरताना तिच्याजवळ फक्त कॉनन असतो आणि तो तिला आपलं खरं नाव सांगतो. प्रकरण संपतं. पुढचे कित्येक खंड तिचा फारसा विषय निघत नाही.

अठराव्या खंडात वर्गात नवी मुलगी येते, आय हायबारा. तीच टोळीची शास्त्रज्ञ, तिनेच ते विष बनवलेलं, आणि तेच गिळून लहान होऊन पळून आलेली. ती अकेमीची धाकटी बहीण. ती रडत कॉननला विचारते की तू एवढा हुशार, मग माझ्या बहिणीचं सोंग तुला ओळखता का आलं नाही? तिला का वाचवलं नाहीस?

वंशावळीच्या दृष्टीने इथे फार काही घडत नाही, दोन नावांच्या मध्ये एक रेघ वाढते इतकंच. पण त्या रेघेमुळे दुसऱ्या खंडातलं संपलेलं प्रकरण पुन्हा उघडतं. तेव्हा कॉननने कोडं सोडवलं होतं, पण माणूस गेला होता, आणि वाचक म्हणून आपण कोडं सुटल्यावर समाधानी होऊन पान उलटलं होतं. हायबारा त्या समाधानाचा जाब मागते. खोट्या मुलीच्या जागी खरी बहीण येते आणि गुप्तहेराला उत्तरदायी धरते. या मालिकेत नातं उघड होण्याचा याहून ताकदीचा क्षण मला सापडलेला नाही.

यानंतर येतं अकाई घराणं. एफबीआयचा नेमबाज शुइची अकाई, शोगीचा अजिंक्य खेळाडू शुकिची हानेदा आणि शाळकरी गुप्तहेर मासुमी सेरा ही सख्खी भावंडं आहेत आणि तिघांची आडनावं तीन. शुकिची हानेदा घराण्यात दत्तक गेला आहे, मासुमी आईचं आडनाव लावते. दत्तक गेला की आडनाव बदलतं हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. आओयामा इथे घाई करत नाहीत. खालच्या पापणीचे ठसठशीत केस, जीत कून दोची सवय, दहा वर्षांपूर्वीची समुद्रकिनाऱ्यावरची एक आठवण असे दुवे ते पेरत जातात. मासुमीबरोबर राहणारी आणि स्वतःला कोड्यात बहीण म्हणवणारी मुलगी प्रत्यक्षात लहान झालेली तिची आई मेरी आहे, ही तर पहिल्या प्रकरणातल्या सोंगाचीच उलटी बाजू.

मग कळतं की मेरी ही एलेना मियानोची, म्हणजे हायबारा आणि अकेमीच्या आईची, बहीण आहे. मराठीत मांडलं तर शुइची आणि अकेमी ही मावसभावंडं. टोळीत शिरण्यासाठी शुइचीने जाणूनबुजून अकेमीच्या गाडीसमोर येऊन ओळख काढली होती आणि पुढे दोघं प्रेमात पडले होते. जपानमध्ये चुलत-मावस भावंडांचं लग्न कायदेशीर आहे, त्यामुळे तिथल्या वाचकाला इथे फार खटकणार नाही. मराठी वाचकाची पंचाईत होते. मामेबहीण असती तर आपण 'बरं' म्हणून पुढे गेलो असतो. पण मावसबहीण म्हणजे बहीणच. मला वाटतं लेखकाला हा ताण अभिप्रेत नव्हता, आणि तेच मला खुपतं. इतकी जवळची गोष्ट सांगायची आणि तिचं वजन कुणावरच पडू द्यायचं नाही. शुइचीला त्यामुळे काही वाटलं का, हे पानांवर दिसत नाही.

एइसुके होंदोचं प्रकरण उलट आहे. तिथे नातं शरीरातच लपवलेलं आहे. वृत्तनिवेदिका रेना मिझुनाशी आपली बहीण नाही असं त्याला वाटतं, कारण रक्तगट जुळत नाही. उलगडा असा की त्याला ल्युकेमिया झाला होता आणि बहिणीचा अस्थिमज्जा मिळाल्यावर त्याचाच रक्तगट बदलून तिच्यासारखा झाला होता. वैद्यकशास्त्रात हे खरंच घडतं. पुरावा नातं नाकारतो असं वाटत असताना बहिणीने केलेला त्याग त्यातूनच बाहेर पडतो. 'अमर अकबर अँथनी'मध्ये (१९७७) तीन मुलांचं रक्त एकाच वेळी नळीतून आईच्या अंगात जातं, तेही हाच मसाला वापरून. फरक एवढाच की मनमोहन देसाईंच्या प्रेक्षकाला ते भाऊ आहेत हे आधीच ठाऊक असतं.

हा फरक मोठा आहे. आमच्याकडे जत्रेला रात्री दशावतार लागतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर होऊन आख्यान सुरू होईस्तोवर बराच उशीर होतो. आख्यान बभ्रुवाहनाचं असलं तर समोर बसलेल्या म्हातारीपासून पोरापर्यंत प्रत्येकाला माहीत असतं की अर्जुन त्याचा बाप आहे. संवाद लिहिलेले नसतात, नट ते जागच्या जागी रचतो. लोक बसलेले असतात ते रहस्य कळण्यासाठी नव्हे. पोरगा बापावर बाण सोडतोय हे आपल्याला माहीत आहे आणि त्याला कधी कळणार, यासाठी ते पहाटेपर्यंत जागतात. गुप्तहेरकथा याच्या विरुद्ध टोकाला उभी असते. तिथे वाचकालाच अंधारात ठेवायचं असतं, आणि म्हणून तिच्यावर प्रामाणिकपणाचं बंधन येतं.

त्या बंधनाचे नियम इंग्रज धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये लिहून ठेवले. दहा नियम. त्यातला दहावा जुळ्यांबद्दल आहे: वाचकाची नीट पूर्वतयारी केल्याशिवाय कथेत जुळे भाऊ किंवा हुबेहूब दिसणारी माणसं आणू नयेत. युसाकू-तोइचीचं प्रकरण या एका नियमावर तपासता येतं, आणि खरं सांगायचं तर ते नापास होत नाही. किड शिनिचीचं सोंग घेतो तेव्हा त्याला मुखवटा लागत नाही, केस नीट केले की झालं. ॲनिमेत दोघांचाही आवाज काप्पेइ यामागुची यांचाच. युकिको वेशांतर शिकली ती तोइचीकडूनच. '१४१२' हा चोराचा क्रमांक वेगळा वाचून त्याला 'किड' हे नाव दिलं ते युसाकूने. एवढी सामग्री असल्यावर पूर्वतयारी नव्हती असं म्हणता येत नाही. सगळं आधीपासून ठरलेलं होतं, असा ज्यांचा दावा आहे त्यांच्याकडे दाखवायला पुष्कळ आहे.

माझी हरकत दुसरी आहे. आओयामांची सगळीच माणसं एकसारखी दिसतात. रान आणि किडची मैत्रीण आओको यासुद्धा एकमेकींसारख्या आहेत. चित्रकाराच्या हाताची ही सवय होती आणि तिच्यातून नकळत एक छान कल्पना तयार झाली होती: एकच चेहरा, एक कायद्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि दोघांमध्ये काहीही संबंध नाही. संबंध नव्हता म्हणून ती सुंदर होती. कोणीही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता रक्ताने दिलं गेलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुन्या प्रणालीत दोन कोष्टकं नंतर जोडायची असली की पहिला प्रश्न असतो, या जोडणीची कोणाला गरज आहे? नुसतं जोडता येतं म्हणून जोडलं तर पुढे प्रत्येक बदलाच्या वेळी तिचा त्रास होतो.

आणि हे एकट्या कॉननचं नाही. नारुतो चौथ्या होकागेचा मुलगा निघतो, 'वन पीस'मधल्या लुफीचे बाप-आजोबा दोघेही नामांकित निघतात. खाण तशी माती. जगातला उत्तम नेमबाज, उत्तम शोगीपटू आणि विष बनवणारी शास्त्रज्ञ एकाच आजोळची निघाली की जग लहान होतं, आणि कर्तृत्व वंशाच्या खात्यात जमा होतं. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या लपवलेल्या नात्यात याच्या बरोबर उलट घडतं. कुंती कर्णाकडे येते ती काहीतरी मागायला. राजवंशाचा असल्याचं कळूनही तो दुर्योधनाला सोडत नाही. नातं कळणं हा तिथे शेवट नसतो. कळल्यावर माणूस काय करतो, तिथून गोष्ट सुरू होते.

चुलतभावांचा मुद्दा मी एकवेळ सोडून देईन. त्याच प्रसंगातली दुसरी गोष्ट सोडता येत नाही. कैतो चोर झाला तो बापाच्या मृत्यूमुळे. आठ वर्षांपूर्वी जादूच्या प्रयोगात तोइची गेला, तो खून होता हे कैतोला कळलं, आणि मारेकऱ्यांना बाहेर काढण्यासाठी त्याने बापाचा पांढरा पोशाख अंगावर चढवला. १९८७पासूनची त्याची सगळी थट्टामस्करी त्या दुःखावर उभी होती. आता बाप जिवंत आहे. तो या चित्रपटात हाकोदातेच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या वेशात मुलाच्या आसपास वावरला, आणि बोलला नाही. युसाकूला भाऊ जिवंत असल्याचं ठाऊक आहे, त्यानेही पुतण्याला सांगितलेलं नाही. मुलाला तर्क शिकवणारा हा बाप घरातली सर्वांत मोठी गोष्ट लपवतो आणि चित्रपट ती एखाद्या भेटवस्तूसारखी प्रेक्षकाच्या हातात ठेवून संपतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ज्याचा बाप मेला आहे तो मुलगा तिथे नसतो.

त्या क्षणी मालिकेची जात बदलली आहे. किडबाबत ती आता गुप्तहेरकथा राहिलेली नाही, दशावतार झाली आहे. आपल्याला माहीत आहे, त्या दोन पोरांना नाही. यापुढे किड गच्चीवरून उडी मारेल आणि कॉनन बुटाने चेंडू लाथाडेल, तेव्हा आपण बभ्रुवाहनाकडे बघावं तसे बघत बसू. म्हणून आओयामांवर आता एका प्रसंगाचं देणं आहे. कैतो बापासमोर उभा राहील आणि हायबाराने कॉननला विचारलं तसं काहीतरी विचारेल. तोइचीकडे त्याचं उत्तर असलं पाहिजे, आणि ते जादूच्या प्रयोगासारखं टाळ्या घेणारं असून चालणार नाही.