शिक्षण परिषदेत न निघणारा विषय

केंद्रातील शाळांच्या शिक्षकांनी शिक्षण परिषदेत जमावे, एकमेकांच्या अडचणी समजून घ्याव्यात, ही कल्पना चांगलीच आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी मिळून वर्गातली शिकवण्याची रीत बदलली; ती पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. प्रत्येक मूल शिकले पाहिजे, हा त्याचा आग्रह. त्याचे मोल मी नाकारीत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. मूल मागे का राहिले, ही चर्चा पद्धती, साहित्य आणि चाचणी यांपाशीच थांबते. ते कोणत्या वस्तीतून येते? त्याची बोली ऐकून वर्ग का हसतो? हा विषय निघाला की ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणून चहा मागवला जातो.

मी घरातला पहिला पदवीधर. आमचे गुरुजी आमच्या वस्तीतल्या मुलांच्या वह्या हातात न घेता लांबूनच तपासत. ते शिकवीत चांगले. पण याचा जाब विचारणारा सहकारी त्यांना नव्हता.

१८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, अशी मागणी केली. शिक्षक कोणत्या समाजातला, हा त्यांच्या लेखी शिक्षणाच्या दर्जाचाच प्रश्न होता. आपण तो दर्जाच्या चर्चेतून वगळला आहे.

परिषदा व्हाव्यात. मात्र पुढच्या परिषदेत एकाने तरी शेजारच्या शिक्षकाला विचारावे: तुमच्या वर्गात शेवटच्या रांगेत कोण बसते?