चौदांऐवजी दोन

रोहिणी कामरा आणि शेखर मांडे यांचा नऊ पानांचा शोधनिबंध २००४ साली ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’त आला. विषय होता क्षयाच्या जिवाणूतल्या ‘एचएसपी ६५’ या उष्माघात-प्रथिनाची स्फटिकरचना. मांडे भौतिकशास्त्र शिकले ते नागपूर विद्यापीठात, आमच्या भंडाऱ्याच्या शेजारी. हा निबंध मला त्यातल्या मांडणीसाठी पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

आधी थोडी पूर्वपीठिका. ताप चढला की प्रथिनाची घडी उसवते. आत दुमडलेले, पाणी टाळणारे भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. ई. कोलाय जिवाणूकडे यावर ग्रोईएल आहे: सात-सात रेणूंची दोन कडी, वर ग्रोईएसचे झाकण. उसवलेले प्रथिन या डब्यात एकटे कोंडले जाते. एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू जोडला जातो, भिंतींचा चिकटपणा जातो आणि गर्दीपासून सुटलेले प्रथिन आपली घडी आपणच घालते. म्हणजे सारी करामत चौदांच्या एकत्र असण्यात.

निबंधाची सुरुवातही तेच सांगते. मग शांतपणे दुसरी गोष्ट पुढे येते: क्षयाच्या जिवाणूचे हे प्रथिन पेशीबाहेरही सापडते आणि तिथे ते इतके विरळ असते की चौदांचा मेळ बसणेच कठीण. आणि मग ३.२ अँगस्ट्रॉम स्पष्टतेचे चित्र: स्फटिकात रेणू दोन-दोनच. निबंधाची सगळी ताकद मला इथे दिसते. डबा नाही म्हणून लेखक हळहळत नाहीत. दोघांच्या या वेगळ्या जोडणीत पाणी टाळणारे कोणते पट्टे उघडे राहिले, ते पाहतात. हे पट्टे रोगप्रतिकारयंत्रणेला चेतवणारे पेप्टाइड धरत असावेत, असा त्यांचा तर्क आहे आणि तो ते तर्क म्हणूनच मांडतात.

भंडाऱ्याच्या वाचकाला हा तर्क दूरचा वाटू नये. कुष्ठरोग या जिल्ह्याला नवा नाही, आणि कुष्ठ व क्षय या दोन्हींत आपले शरीर ज्यांच्यावर नेम धरते त्यांत अशी ताण-प्रथिने आहेत, हे १९८८ मध्येच दिसले होते. एक सांगायला हवे: मे महिन्यातल्या इथल्या उन्हाशी या ताणाचा संबंध नाही. बाहेर पारा ४५ वर गेला तरी अंगात ३७ च्या आसपासच असतो. जिवाणूला खरा जाच होतो तो तापाचा आणि त्याला गिळलेल्या पेशीतल्या आम्लाचा.

याच गटाने त्याच वर्षी दुसऱ्या निबंधात दाखवले की हे छोटे संघ एटीपी फारसा वापरत नाहीत, तरी इतर प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत. जिवाणूकडे अशी प्रथिने दोन आहेत. पहिल्यावाचून तो जगतो, दुसऱ्यावाचून, म्हणजे या ‘एचएसपी ६५’वाचून, नाही. मग पेशीच्या आत, झाकणाच्या डब्याविना, पूर्ण घडी घातली जाते ती कशी? स्फटिकाच्या चित्रातून हे कळत नाही, आणि निबंध ते कळल्याचा आव आणत नाही.