मेरिटवाल्यांची जात

अजंता सुब्रमण्यन यांचं ‘द कास्ट ऑफ मेरिट’ हे 2019 सालचं इंग्रजी पुस्तक वाचलं. मद्रासच्या आयआयटीवरचं. वाचलंच पाहिजे असं आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडायचं.

बाई दाखवतात ते असं : यंत्रविद्या कारागिराच्या हातात होती. इंग्रजी अमलात ती वर्गात गेली. आणि वर्गात बसला कोण? ज्याच्या बोटाला कधी वंगण लागलं नव्हतं, तो. पुढं तो ‘जनरल’ झाला. म्हंजे त्याला जातच नाही. जात फक्त राखीव जागेवाल्याला! सवर्णाची जात मेरिटच्या कागदात गुंडाळून कशी खपते, ते बाईंनी उघडं केलंय.

माझं भांडण पुढं आहे. पुस्तकात वरचे लोक बारकाईनं दिसतात. पण एमटेक, पीएचडीला गेलेलं आपलं पोर रात्री दोनला प्रयोगशाळेत कशाच्या जोरावर बसतं, ते कळत नाही. त्याला विचारतात, गेटचा स्कोअर किती? हा प्रश्न जातीचाच. पवईच्या आयआयटीला 2023 साली लेखी सांगावं लागलं, की रँक-स्कोअर विचारू नका. पोर मागं पडलं की म्हणायचं, मोटिव्हेशन नाही. अरे, अर्धी ताकद ओळख लपवण्यातच गेली तर अभ्यासाला उरणार किती?

मी रहिमतपूरचा. 1901 साली लहानगा भिवा भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून मसूरला गेला, ती गाडी आमच्याच स्टेशनावरून गेली. मसूरच्या स्टेशनमास्तरला कपड्यांवरून पोरं बामणाची वाटली; जात कळताच तो मागं सरला. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेबांनी जातीच्या उगमावरच निबंध वाचला. ज्या प्रश्नानं हिणवलं, तोच अभ्यासाला घेतला. ओळखीतून बळ असं येतं.

पण म्हणून प्रत्येक पोरानं बाबासाहेब व्हावं, ही मागणी नको. 14 एप्रिलला स्टेजवर उभं करून ‘समाजाचं नाव काढ’ म्हणणं, हेही ओझंच. सवर्णाच्या पोराला नुसतं टर्बाइन आवडतं म्हणून शिकायची मुभा आहे. तीच आपल्या पोराला पायजे. जात लपवायची नाही, आन् रोज लायकीचा पुरावाही द्यायचा नाही. कार्यकर्त्यांनो, भाषणं कमी करा. त्याच्या स्कॉलरशिपचा फॉर्म अडला असेल, तर कचेरीत त्याच्याबरोबर जा.

जय भीम.