शुक्रनीतींतील अग्निचूर्ण व ‘शर्करावत्’ हें पद

शुक्रनीति व नीतिप्रकाशिका यांच्या आधारें गुस्ताव ओप्पर्ट यांनीं इ. स. १८८० मध्यें बंदुकीच्या दारूचें प्राचीन भारतीयत्व प्रतिपादिलें. हा पक्ष घेणारांची दृष्टि घटकांच्या प्रमाणांवरच खिळते. दाण्याकडे जात नाहीं.

शुक्रनीतिकार सोरा ५ पलें, गंधक व कोळसा प्रत्येकीं १ पल घेऊन निवडुंग, रुई व लसूण यांच्या रसांत भिजवावयास, उन्हांत वाळवावयास आणि ‘शर्करावत्’ कुटावयास सांगतो. येथें ‘बारीक पूड’ एवढाच अर्थ घेणें आम्हांस मान्य नाहीं. शर्करा म्हणजे खडा. साखर घेतली तरी तिचाही दाणाच. ओला लगदा वाळवून फोडला म्हणजे दाणा पडतो.

दाण्याचें महत्त्व काडतुसांत उघड दिसतें. इ. स. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या काडतुसांत ८५ ग्रेन दारू असे, तीही रायफलीसाठीं ठरविलेल्या दाण्याची. आजही जुन्या धर्तीचीं काडतुसें भरणारे मोठ्या रायफलीस जाड दाणा व पिस्तुलास बारीक दाणा निवडतात. दाण्यांमधील पोकळींतून ज्वाला एकदम पसरते. दाबलेल्या पिठांत ती अडते. आपल्याकडे कानावर घालावयाची रंजक बारीक असे, तिचें कारण त्वरित पेट घेणें हेंच.

दाणेदार दारू युरोपांत पंधराव्या शतकांत रूढ झाली. तेव्हां आमचा अर्थ ग्राह्य धरल्यास ही कृति प्राचीनत्वाची साक्ष न देतां उलट अर्वाचीनत्वाकडे बोट दाखविते. लल्लनजी गोपाल यांनीं इ. स. १९६२ मध्यें हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतला ठरविला; एका पदावरून तितकें सिद्ध होत नाहीं. तथापि पोथीसंग्राहकांनीं या स्थळाचे पाठभेद टिपून ठेवावे, अशी आमची विनंति आहे.