आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग : दोषनिवारणाच्या तक्त्यात काय राहून जाते?

आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगच्या प्रात्यक्षिक-पुस्तिकांच्या शेवटी बहुधा एक तक्ता असतो : दोष, संभाव्य कारण, उपाय. त्यातली माहिती सहसा बरोबर असते. तरीही शिकवताना मला तो अपुरा वाटतो, कारण आधी काय तपासायचे हे तो सांगत नाही.

तत्त्व आठवू. अ‍ॅम्फोलाइटांमुळे जेलमध्ये सामूचा, म्हणजे पीएचचा, उतार तयार होतो. प्रथिन आपल्या समविद्युत बिंदूपाशी पोचले की त्यावरील निव्वळ भार शून्य होतो आणि ते थांबते. म्हणून बिघाड प्रामुख्याने तीन जागी शोधावा : उतारात, विद्युतक्षेत्रात (थंडाव्यासह) किंवा नमुन्यात. तक्ता मात्र दोष कसा दिसतो यावरून लावलेला असतो.

परिणाम पाहा. ‘पट्टे पसरट’ यासमोर ‘वेळ वाढवा’ असते. ‘अल्कधर्मी टोकाचे पट्टे गायब’ यासमोर ‘वेळ कमी करा’. दोन्ही खरे आहे, कारण अ‍ॅम्फोलाइटांच्या जेलमध्ये वेळ लांबला की उतार ऋणाग्राकडे सरकतो. एकाच जेलवर दोन्ही दोष दिसले तर विद्यार्थ्याने काय करावे?

त्याला क्रम हवा :

१. मानक प्रथिनांची रांग पाहा. तीही वेडीवाकडी असेल तर दोष जेल, इलेक्ट्रोड-पट्टी किंवा थंडाव्यात. ती सरळ आणि फक्त नमुन्याची रांग बिघडलेली असेल तर नमुन्यातील क्षार किंवा अवक्षेप तपासा.

२. मीटरच्या नोंदी पाहा. विद्युतशक्ती स्थिर ठेवली असता प्रवाह घटत आणि विद्युतदाब वाढत गेला पाहिजे. प्रवाह घटत नसेल तर क्षाराचा संशय घ्या.

३. तोच नमुना जेलवर दोन वेगळ्या जागी ठेवा. दोन्हींचे पट्टे एकाच सामूवर आले तर वेळ पुरेसा आहे. नाही आले तर कमी पडला.

दरवेळी एकच गोष्ट बदला.

दुसरा आक्षेप ‘खोलीचे तापमान’ या शब्दांवर. वाराणसीत मे-जूनमध्ये दुपारचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. उष्णतेने युरियापासून सायनेट बनते, ते प्रथिनांना चिकटते आणि आम्लाकडच्या बाजूला खोटे पट्टे उमटतात. जानेवारीत उलटे : थंडीत ८ मोलर युरियाचे स्फटिक जेलमध्येच होतात. पुस्तिकेने अंश लिहायला हवेत.

हे केवळ परीक्षेतल्या गुणांपुरते नाही. विदर्भात सिकलसेल आजार बराच आढळतो, आणि हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखायला हे तंत्र वापरतात. हिमोग्लोबिन ए आणि एस यांच्या समविद्युत बिंदूंत फरक सुमारे ०.२ सामूचा. शिळ्या रक्तात मेटहिमोग्लोबिनचे जादा पट्टे येतात. ते कुठून आले हे न विचारता अहवाल लिहिला, तर एखाद्या बाळाच्या नावावर नसलेला दोष लागू शकतो.

अनुभवी हाताला तक्ता आठवणीसाठी उपयोगी आहेच. शिकणाऱ्याने तो सर्वांत शेवटी उघडावा.

स्वाध्याय : मानक रांग सरळ आहे, प्रवाह नीट घटला, पण नमुना जिथे ठेवला तिथेच गडद रेघ राहिली. बिघाड तीनपैकी कोणत्या जागी आहे? तो सिद्ध करायला पुढच्या जेलवर नेमके काय बदलाल?