‘शेअरांचे वेड’ : एका संज्ञेची चिकित्सा

मुंबईत १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या वलणाचा दिवस उजाडला आणि दिवाळ्यांचे सत्र सुरू झाले. या घटनेचे वर्णन सामान्यतः तीन वाक्यांत आटोपते : लोकांना शेअरांचे वेड लागले, बँक बुडाली, मंदी आली. ही तिन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. अशा रचनेत घटना आपोआप घडते. ती घडविणारा दृष्टीआड राहतो.

‘शेअर मॅनिया’ या इंग्रजी नावाचे ‘वेड’ हे मराठी प्रतिरूप सर्वस्वी निराधार नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचा अमाप पैसा मुंबईत आला आणि बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअराला सुमारे ५०,००० रुपये अधिमूल्य मिळू लागले. या किमतीत विवेक नव्हता हे मान्यच करावे लागेल. परंतु हा सट्टा कोणाच्या पैशावर चालला, या प्रश्नाला ‘वेड’ हा शब्द उत्तर देत नाही. बँक ऑफ बॉम्बे ही अर्धसरकारी पेढी होती; तिच्या भांडवलात सरकारचा वाटा असे व संचालक मंडळावर सरकारनियुक्त सभासद बसत. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील निर्बंध सैल केले. त्यानंतर शेअरांच्या तारणावर मुक्तहस्ताने कर्जे दिली गेली आणि प्रेमचंद रायचंद यांचा शब्द तेथे प्रमाण ठरला. १८६८ मध्ये बँक गुंडाळण्यात आली. अशा वेळी ‘बुडाली’ आणि ‘बुडविली’ यांतील एका प्रत्ययाचे अंतर हे उत्तरदायित्वाचे अंतर ठरते.

‘मंदी आली’ या वाक्याचीही तीच गत आहे. १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. तेजीतील भाव पाहून पुणे जिल्ह्यात १८६७ पासून सरकारने शेतसारा वाढविला. पुढे भाव उतरले, सारा मात्र कायम राहिला. १८७५ च्या दंग्यांचे हे एकमेव कारण नव्हे. तथापि ते वगळून त्या दंग्यांचा विचार करता येणार नाही.

सारांश, ‘वेड’ ही संज्ञा शेअर घेणाऱ्यांचे वर्णन करते, कर्ज देणाऱ्यांचे नव्हे. अभ्यासकाने ती वापरावी. मात्र प्रत्येक अकर्मक वाक्याचा कर्ता शोधल्यावाचून तिच्यावर विसंबू नये.