‘साष्टी गेली’ : एका वाक्याची चिकित्सा

मराठ्यांच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकांत व व्याख्यानांत एक वाक्यरचना वारंवार आढळते. विजयाचा प्रसंग असला म्हणजे कर्ता नामनिर्देशाने येतो : चिमाजीआप्पांनी वसई घेतली, रघुनाथरावांनी लाहोर जिंकले. हानीचा प्रसंग आला की हा कर्ता लुप्त होतो आणि जे गमावले तेच कर्त्याच्या स्थानी येऊन बसते : साष्टी गेली, आरमार बुडाले, राज्य लयास गेले. व्याकरणदृष्ट्या या वाक्यांत कोणताही दोष नाही. ‘जाणे’ हा अकर्मक धातू आहे व त्याचा कर्तरी प्रयोग सर्वथा शुद्ध आहे. परंतु त्याच्याच जोडीचा ‘घालविणे’ हा सकर्मक धातूही मराठीत आहे, आणि तो योजताच ‘कोणी?’ हा प्रश्न टाळता येत नाही. इतिहासलेखनाने पहिला धातू पसंत करावा व दुसरा बाजूस ठेवावा, ही केवळ शैलीची बाब नव्हे. राष्ट्राचे वजन का घटले, याविषयीचा एक निर्णय त्या निवडीत अगोदरच झालेला असतो. या निर्णयाची परीक्षा साष्टीच्या उदाहरणावरून चांगली करता येते.

साष्टी म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांची भूमी. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सर्व स्थाने याच बेटावर आहेत. ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, या संज्ञेपासून हे नाव आले. गोव्यातील साष्टीचे नावही तसेच. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांस दिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. १७३९ मध्ये अंधेरीच्या पश्चिमेचा वेसाव्याचा किल्ला आणि त्यानंतर वसई त्यांच्या हाती आली. एका युरोपीय सत्तेकडून एवढा प्रदेश लढून घेणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. मुंबईकर इंग्रजांनी त्याच वर्षी मराठ्यांशी तह केला, यावरून या विजयाने मराठ्यांच्या शब्दास केवढे मोल आले हे दिसते. पुढे पस्तीस वर्षांनी, १७७४ च्या डिसेंबरअखेरीस, त्याच इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला व थोड्याच दिवसांत सारे बेट त्यांच्या ताब्यात आले. तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह म्हणून उभा आहे.

या घटनेचे वर्णन करणारी तीन वाक्ये प्रचलित आहेत. पहिले, ‘साष्टी गेली’. दुसरे, ‘राघोबाने साष्टी दिली’. तिसरे, ‘इंग्रजांनी साष्टी कपटाने घेतली’. पहिल्यात कर्तृत्व दैवाकडे जाते, दुसऱ्यात एका व्यक्तीकडे, तिसऱ्यात शत्रूकडे. तिन्हींत सत्याचा अंश आहे. परंतु तिन्ही मिळूनही घटनेचा उलगडा होत नाही.

दुसऱ्या वाक्याचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण लोकमानसात तेच अधिक रुजलेले आहे. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्याविषयीची ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. भाषाभ्यासकास या आख्यायिकेत विशेष लक्षणीय वाटावी अशी गोष्ट म्हणजे तिने साधलेला संक्षेप. एका दरबाराची फूट, गादीचा वाद, कारभाऱ्यांचे मत्सर, हे सारे तिने एका अक्षरात आणि एका स्त्रीच्या हातात आणून ठेवले. आख्यायिका खरी मानली तरी तिने वधाचा उलगडा होईल, साष्टीचा होणार नाही. कारण या दोन घटनांमध्ये सोळा महिन्यांचे अंतर आहे. शिवाय कालक्रम आणखी एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या इंग्रजांनी साहाय्याचे मोल म्हणून साष्टी व वसई मागितली, तेव्हा रघुनाथरावांनी प्रथम ती देण्यास नकार दिला होता. त्यांनी ती दिली मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात, म्हणजे ठाणे पडल्यानंतर. साष्टीपुरते पाहता ज्याच्या हाती जे उरलेच नव्हते ते त्याने लिहून दिले. रघुनाथरावांचा दोष यामुळे कमी होत नाही; परंतु ‘दिली’ या क्रियापदाचा काल चुकतो, आणि काल चुकला की कारणही चुकते.

तिसरे वाक्य अधिक विद्वन्मान्य आहे. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत असल्याच्या वार्तेचे निमित्त करून इंग्रजांनी ठाण्यावर चाल केली, हे खरे आहे. त्यांचा डोळा या बेटावर पूर्वीपासून होता, आणि पुण्यास वकील ठेवण्यात हाही एक हेतू होता, हेही खरे. परंतु शत्रूचे कपट हे कारण तेव्हाच पुरेसे ठरते, जेव्हा ते कपट अनपेक्षित असते. येथे तसे नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. त्यात टोपीकर व्यापाऱ्यांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. हे सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, त्यांना भूमीचा लोभ आहे, त्यांना समुद्रतीरी वा खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, असा त्याचा आशय आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, हेही तेथे सांगितलेले आहे. साष्टी हातची जाण्यापूर्वी सुमारे साठ वर्षे, साष्टी कशी जाऊ शकेल याचे ज्ञान मराठीत लिहून ठेवलेले होते.

मग ते उपयोगी का पडले नाही? आज्ञापत्राची थोरवी गाताना हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. हा ग्रंथ कोल्हापूरच्या शाखेत निर्माण झाला. परराज्यांशी व्यवहार करणारी सत्ता मात्र साताऱ्याकडून पुण्याकडे गेली. राज्याची फाळणी झाली तेव्हा मुलूख व सरदार यांबरोबर ज्ञानाचीही वाटणी झाली. ज्या दरबाराला टोपीकरांचे मर्म कळले होते त्याच्या हाती सामर्थ्य नव्हते, आणि ज्याच्या हाती सामर्थ्य होते त्याची वागणूक या ज्ञानाच्या उलट होती. १७५६ मध्ये विजयदुर्गास तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. ते जाळणारे इंग्रज होते आणि त्यांना बोलावणारे नानासाहेब पेशवे होते. तुळाजी उद्दाम होता व पेशव्यांस जुमानीत नव्हता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरातील तंट्याचा निकाल परसत्तेच्या तोफांनी लावल्यावर कोकणपट्टीतील समुद्रावर कोणाचा वचक राहणार, हे उघड होते. साष्टी हे बेट आहे. बेटाचे रक्षण शेवटी समुद्रावर होते. विजयदुर्गाहून ठाण्यास येण्यास कारणपरंपरेला अठरा वर्षे लागली, एवढेच.

येथपर्यंतचा विचार युद्धाचा झाला. परंतु साष्टीची खरी कसोटी रणांगणावर नव्हे, तहाच्या कागदावर लागली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास मराठ्यांनी मुंबईच्या फौजेस कोंडून शरण आणले. त्या वेळच्या करारात १७७३ नंतर घेतलेला मुलूख, साष्टीसह, परत करण्याचे कलम होते. युद्ध जिंकलेले, कलम लिहिलेले, आणि तरी साष्टी परत आली नाही. याचे कारण १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टमध्ये सापडते. त्या कायद्याने युद्ध व तह यांबाबत मुंबई ही कलकत्त्याच्या अधीन झाली होती. कलकत्त्याने हा अधिकार गाजविलाही होता : मुंबईने केलेला सुरतेचा तह त्याने अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुरंदरास स्वतंत्र तह केला. म्हणजे वडगावच्या तीन वर्षे आधी पुणे दरबाराने हा भेद प्रत्यक्ष पाहिला होता. वडगावास इंग्रज प्रतिनिधींनी आपणांस असा करार करण्याचा अधिकार नसल्याचे सांगितलेही. तरीही करार त्यांच्याकडूनच घेण्यात आला, आणि इंग्रज सत्तेने तो निःशंकपणे झिडकारला.

इंग्रजांत एकी होती व मराठ्यांत दुही होती, असे सरळ समीकरण येथे मांडता येत नाही. मुंबई आणि कलकत्ता यांचा कलह कडवा होता. लंडनचे संचालक आणखी तिसरेच बोलत होते. फरक एवढाच की त्या कलहात अखेरचा शब्द कोणाचा, हे लिहून ठेवलेले होते. त्यामुळे खालच्याने केलेली चूक वरच्यास नाकारता येई, आणि खालच्याने मिळविलेला लाभ वरच्यास राखता येई. साष्टीच्या बाबतीत नेमके हेच झाले : सुरतेचा तह चुकीचा ठरला, परंतु साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

मराठ्यांच्या बाजूस अखेरचा शब्द कोणाचा होता? १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. तो महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झाला आणि तो पाळला जाईल याची हमीही महादजींनीच दिली. नाना फडणिसांनी त्यास संमती देण्यास डिसेंबर उजाडला. सेवक हा स्वामीच्या तहाचा हमीदार होतो, आणि स्वामीचा कारभारी सात महिने त्यास मान्यता देत नाही, अशा राज्याशी व्यवहार करणाऱ्या परसत्तेने कोणता निष्कर्ष काढावा? तहाचे फलितही बोलके आहे. युद्धात इंग्रजांनी घेतलेली वसई परत मिळाली. साष्टी मिळाली नाही. आणि भडोच इंग्रजांनी महादजींस दिले. महादजींची योग्यता मोठी होती व नानांची दक्षताही असामान्य होती. पण दोन समर्थ पुरुष एकाच राज्याच्या नावाने दोन स्वतंत्र आवाजांत बोलू लागले म्हणजे त्यांच्या सामर्थ्याची बेरीज होत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. सालबाईनंतर महादजींनी दिल्लीत आपले वर्चस्व स्थापिले; १७९५ मध्ये खर्ड्यास मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. मग ऱ्हास कोठे झाला? आक्षेप वजनदार आहे. परंतु हे यश एतद्देशीय सत्तांच्या वर्तुळातील होते. समुद्राकडून येणाऱ्या सत्तेशी बोलताना मराठ्यांच्या शब्दाचे मोल या काळात वाढले नाही. सत्तेचा विस्तार आणि तिचे वजन या एकच गोष्टी नव्हेत. विस्तार नकाशावर दिसतो; वजन दिलेला शब्द पाळला वा पाळविला जातो की नाही, यात दिसते.

याच भूमीवर आधी होऊन गेलेल्या सत्तेचे उदाहरण तुलनेस घेण्यासारखे आहे. १६६१ मध्ये लिस्बनच्या दरबाराने राजकन्येच्या विवाहसंबंधात मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. गोव्याचा अधिकारी आंतोनियु द मेलु द काश्त्रु याने विरोध केला. तरी १६६५ मध्ये बेट द्यावे लागले, आणि साष्टीच्या दाराशी इंग्रज येऊन बसले. हा निर्णय अदूरदर्शी होता; पण तो कोणाचा, याविषयी संशय नाही. अलीकडचे उदाहरण १९५६ च्या सुएझ प्रकरणाचे. ब्रिटनला माघार घ्यावी लागली व त्याचे जागतिक वजन घटल्याचे सर्वांस दिसले. पार्लमेंटात त्यावर झगडा झाला, आणि जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन पायउतार झाले. कारण प्रकृतीचे दिले गेले. तरी त्या राष्ट्राच्या चर्चेत ‘घालविले’ या क्रियापदास कर्ता मिळाला. कर्ता मिळाल्याने गेलेले वजन परत येत नाही. परंतु पुढचा निर्णय कोणी व कोणत्या अधिकाराने घ्यावयाचा, हे तरी त्यामुळे ठरविता येते.

मराठी इतिहाससंशोधनाने कर्त्याचा शोध घेतलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या इतिहासावर टीका केली तेव्हापासून ही चिकित्सा चालू आहे, आणि राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड प्रसिद्ध करून तिला भक्कम पाया दिला. त्याच राजवाड्यांनी मराठी धातूंचाही कोश सिद्ध केला, हा योगायोग सूचक आहे. एका हाताने त्यांनी कागद जमविले, दुसऱ्याने क्रियापदे. या दोन कार्यांची सांगड घालण्याचे काम मात्र पुष्कळसे राहून गेले आहे. वकिलांची पत्रे, तहांचे मसुदे, दरबारी यादी यांतील हानीवाचक क्रियापदे वेचून, त्यांपुढे कर्ता कोठे येतो, कोठे गळतो व कोठे शत्रूच्या नावाने भरला जातो, हे पाहिले तर समकालीनांस आपल्या राज्याचा दोष कितपत दिसत होता याचा अंदाज करता येईल. पदव्युत्तर अभ्यासकास हे काम आवाक्याबाहेरचे नाही.

‘साष्टी गेली’ या वाक्याच्या जागी ‘पुणे दरबाराने साष्टी घालविली’ असे वाक्य लिहिले म्हणजे सारे साधले, असेही नाही. कारण या प्रकरणी ‘पुणे दरबार’ हे एकवचनी नामच वादग्रस्त आहे. खरा दोष तेथेच होता. राज्याच्या वतीने बोलणारा निश्चित असा कर्ता राज्यात नव्हता, म्हणून इतिहासकाराच्या वाक्यातही तो सापडत नाही. ठाणे पडल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८०२ च्या डिसेंबरअखेरीस, दुसऱ्या बाजीरावाने वसईस तह केला आणि इंग्रजांच्या संमतीवाचून परसत्तांशी व्यवहार न करण्याचे मान्य केले. परसत्तेशी कोणी बोलावयाचे, हा मराठ्यांनी अनिर्णित ठेवलेला प्रश्न त्या तहाने मिटला; फक्त त्याचे उत्तर इंग्रजांनी दिले. ज्या वसईच्या विजयाने साष्टीवरील सत्ता दृढ झाली होती, त्याच वसईत ते दिले गेले.